कुत्र्याला बेरीज येते का? बुद्धीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ‘तीन अधिक दोन किती?’ विचारलं की आमचा कुत्रा बरोबर पाचदा भुंकतो. त्याला बेरीज समजते का?

उत्तर : आधी विचारणाऱ्याकडे बघा. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा असाच खूर आपटून उत्तरं द्यायचा. १९०७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी त्यामागचं कारण मांडलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचं गणित कोलमडे. योग्य आकडा आला की माणसाचं डोकं नकळत किंचित वर होई आणि घोडा थांबे. मालकालाही याचा पत्ता नव्हता.

घरी तपासायचं तर एकाने कुत्र्याच्या कानात एक आकडा सांगावा, दुसऱ्याने दुसरा. एकमेकांचा आकडा कळता कामा नये, म्हणजे बेरीज कुणालाच ठाऊक नसेल. असं वीसदा करा, व्हिडिओ घ्या, भुंकणं नंतर मोजा. खाऊ दर वेळी द्या, पण तो पूर्ण गप्प झाल्यावरच. नेहमीची चूक इथेच होते : पाचव्या भुंकण्याला हात खिशाकडे गेला की उत्तर फुटलं! एखाददुसरं उत्तर योगायोगानंही जुळेल, त्यावर भुलू नका.

बेरीज येत नसली, तरी माणसाची एवढी बारीक हालचाल टिपणं हीसुद्धा बुद्धीच, आणि मला ती बेरजेहून जास्त मोलाची वाटते.

प्रश्न : कुत्रा आरशात स्वतःला ओळखत नाही. म्हणजे ‘मी’ची जाणीव नाही?

उत्तर : मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी १९७० मध्ये भूल दिलेल्या चिंपांझींच्या भुवईवर आणि कानावर वास नसलेला लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरसा पाहून ते स्वतःच्या अंगावरचा डाग चाचपू लागले. ही परीक्षा डोळ्यांची आहे. कुत्र्याचं जग नाकावर चालतं. २०१७ मधल्या एका प्रयोगात स्वतःच्या मूत्रात परका वास मिसळला, तेव्हा कुत्रे ते जास्त वेळ हुंगत राहिले. एवढ्यानं ‘मी’ची जाणीव सिद्ध होत नाही, पण आरशात नापास म्हणून ती नाहीच, हेही म्हणता येत नाही.

प्रश्न : मग बुद्धीची व्याख्या काय? आणि १२० बुद्ध्यांक म्हणजे ६० च्या दुप्पट बुद्धी का?

उत्तर : सर्वमान्य व्याख्या नाही. कामापुरती अशी धरा : न शिकवलेल्या अडचणीतून, आधीचा अनुभव वापरून वाट काढणं. बुद्ध्यांक हे वयोगटातलं स्थान असतं. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) बहुधा १५. त्याला खरं शून्य नाही, त्यामुळे ‘दुप्पट’ला अर्थ उरत नाही.