पिसं झडायचे दिवस

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. रोज वीस पानं वाचायचीच असा नेम केलास आणि महिनाभरात मन कोरडं पडलं. तिकडे कोंबड्यांनीही अंडी देणं जवळजवळ थांबवलं. या दोन तक्रारी तू वेगवेगळ्या लिहिल्या आहेस, मला मात्र उत्तर देताना त्या सुट्या करता येत नाहीत.

आधी कोंबड्यांचं. नियमित अंडी द्यायला कोंबडीला दिवसाकाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. दिवस लहान झाला की तिच्या शरीराला ते कळतं आणि ती हात आखडता घेते. त्यात वर्षाच्या वरच्या कोंबड्यांची याच सुमारास पिसं झडतात. पीस म्हणजे जवळजवळ सगळी प्रथिनंच, त्यामुळे खाल्लेलं बरंचसं तिकडे लागतं आणि अंड्यासाठी उरत नाही. अंगभर नवी पिसं यायला दोन-तीन महिनेही जातात. खाद्यात प्रथिनं थोडी वाढव आणि कोंबड्यांना उगाच उचलून घेऊ नकोस. फुटत्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं, दाबलं की दुखतं.

खुराड्यात दिवा लावू का, असं विचारलंस. लावता येतो. लावायचाच तर पहाटे लाव, संध्याकाळी नको. रात्री दिवा एकदम विझला तर कोंबड्यांना दिसत नाही, दांड्यावर चढायच्या राहून जातात. पण घरच्या चार कोंबड्यांना मी स्वतः कधी दिवा लावला नाही. त्यांनी वर्षभर दिलं आहे, आता त्या अंग नवं करताहेत. करू दे.

तुझं वाचनही मला तसंच दिसतं. वीस पानांचा हिशेब सोड. एक उतारा घे, ओठ हलवत, सावकाश वाच. दुसऱ्या दिवशी तोच परत वाच. आपल्याकडे श्रवण, मनन, निदिध्यासन असा क्रम सांगितला आहे, म्हणजे आधी ऐकणं, मग त्यावर विचार आणि मग त्याचाच सतत ध्यास. त्यातलं पहिलंच तू रोज वीसदा करत होतास, पुढच्या दोघांना जागाच ठेवली नव्हतीस. कंटाळून पुस्तकही बदलू नकोस. कोरडेपणात पुस्तक बदललं की आठवडाभर बरं वाटतं, मग तोच कोरडेपणा नव्या पुस्तकात येऊन बसतो. हे मी दोन हिवाळे करून पाहिलं आहे.

एक फरक मात्र नीट ओळखायला शीक. पिसं झडणारी कोंबडी ओकीबोकी दिसते, पण खाते, माती उकरते, आपल्याकडे धावत येते. कोपऱ्यात अंग फुलवून, डोळे मिटून बसलेली, दाण्याकडे न वळणारी कोंबडी आजारी असते. तिला वेगळी ठेव आणि पशुवैद्याला दाखव. तुझंही असंच. वाचनात रस नाही एवढंच असेल तर थांबून राहा. पण झोप उडाली असेल, जेवण नकोसं झालं असेल, माणसं नकोशी झाली असतील, तर ते पुस्तकाचं दुखणं नव्हे. मग पत्राची वाट न पाहता जवळच्या माणसाशी बोल, डॉक्टरांकडे जा.

थंडीची तुला फार धास्ती दिसते. मलाही होती. पहिल्या हिवाळ्यात मी खुराड्याची प्रत्येक फट गोणपाटानं बुजवली. आत दमट वाफ कोंडली, भुसा ओला झाला आणि एका कोंबडीच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. अजून आठवलं की वाईट वाटतं. कोरडी थंडी कोंबडी सोसते, ओल सोसत नाही. हवा वरून, त्यांच्या डोक्यावरून जाऊ दे, अंगावर झोत नको. भुशाजवळ वाकून वास घे. डोळे चुरचुरले तर भुसा बदल. दांडा रुंद, चपटा ठेव, म्हणजे बसल्यावर बोटं पिसांखाली झाकली जातात.

दिवसाची घडी कशी बसवू, हेही विचारलंस. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी ख्रिस्ती मठासाठी जे नियम घातले, त्यांत हिवाळ्यात सकाळी आधी वाचन आणि मग काम, असा क्रम आहे. मला तो आवडतो, पण कोंबड्या पाण्यासाठी थांबत नाहीत. म्हणून आधी दार उघड, ताजं पाणी ठेव, मग बस. मध्येच कलकलाट झाला तर ओळीवर खूण ठेवून ऊठ. चिडून नको, वाचलेली ओळ मनात घेऊन जा. माझ्या कितीतरी ओळी पुस्तकापाशी नाही, भुसा चाळताना उलगडल्या आहेत.

संध्याकाळी निजायच्या आधी त्यांना मूठभर अख्खे दाणे दे. कोंबडीला दात नसतात. दाणे गळ्याखालच्या पिशवीत साठतात आणि रात्रभर थोडे थोडे पुढे सरकून गिळलेल्या खड्यांनी भरडले जातात. त्या पचनाची ऊबही तिला मिळते. तूही निजताना एकच वाक्य घे, जास्त नको.

आज अंधार पडल्यावर दांड्यावर बसलेल्या एकेकीच्या गळ्याखाली हलक्या हातानं चाचपून बघ. पिशवी भरलेली लागली पाहिजे. उद्या पहाटे, दाणे टाकायच्या आधी, पुन्हा बघ. तेव्हा ती रिकामी हवी. कुणाची भरलेलीच राहिली असेल तर मला लगेच कळव.

तुझी,
मावशी