डोंगरउतारावरच्या भातखाचरांचे दगडी बांध दरवर्षी ढासळतात, सिमेंटचे घालावेत का?

नका घालू. आमच्या काकांनी घातला होता.

वरून चौथ्या खाचराचा पुरुषभर उंचीचा दगडी बांध एका बाजूला पोट काढून उभा होता. वडील म्हणाले, तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचू. काकांना दरवर्षीचं ते दगड उचलणं नको होतं. गवंडी आला, बांध गुळगुळीत झाला, काका त्यावरून चालून दाखवायचे. तिसऱ्या पावसाळ्यात रात्री धाडकन आवाज झाला. सकाळी बघतो तर बांध अख्खाच्या अख्खा आडवा, आणि खालची तीन खाचरं नुकत्याच लावलेल्या रोपांसकट गाडलेली.

काका आजही म्हणतात, गवंड्याने सिमेंट कमी घातलं. कमी नव्हतं हो, फार होतं! खाचरातलं पाणी धरतो चिखलणीने, म्हणजे ओली माती तुडवून, घट्ट बसलेला तळ. बांधाने फक्त माती धरायची असते. मागून झिरपणारं पाणी कोरड्या रचलेल्या दगडांच्या फटींतून वाट काढतं. फटी बुजवल्या की तेच पाणी मागे साचून भिंत ढकलतं. दगडी बांध हातभर ढासळतो आणि त्याच दगडांनी, फटींत दगडाच्या चिपा ठोकून, पुन्हा उभा राहतो. ही कटकट नसून शेतीचाच भाग आहे, पण घरात हे ऐकतो कोण.

तुमचे का ढासळतात ते न बघता कसं सांगू? बहुधा खेकड्यांची बिळं, नाहीतर वरच्या खाचरातलं जादा पाणी सोडायच्या वाटेचं, म्हणजे सांडव्याचं, पाणी नेमकं बांधाच्या पायात पडत असेल. एखादं खाचर पडीक ठेवलंय का? तळ वाळून भेगा पडल्या की पुढच्या पावसाचं पाणी थेट बांधामागे उतरतं. फिलिपिन्समधली इफुगाओ लोकांची डोंगरउतारावरची भातखाचरं 1995 साली जागतिक वारसा ठरली आणि 2001 मध्ये धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली, कारण माणसं शेती सोडत होती आणि देखभाल थांबली होती. यादीतून बाहेर यायला 2012 उजाडलं.

आता खरं सांगायचं तर पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर असेल तर सिमेंटची भिंतही टिकते. दगडच मिळत नसेल तर तेच करा. वडील तेव्हा काकांना म्हणालेही होते, निदान भोकं तरी ठेव. तर काका म्हणाले, "मग बांध कशाला घालायचा?"

पाऊस सुरू व्हायच्या आत बिळं शोधून बुजवा. गवंड्याला नंतर बोलवा.