कविता करणाऱ्या मुलीला संपादक व्हायचंय

सप्रेम नमस्कार,

गडहिंग्लज भागातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी मराठी घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, दिवाळी अंकात तिच्या दोन कविता छापून आल्यात. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटलांवर लिहिलं आणि तेव्हापासून 'मला असंच जगायचंय, संपादक व्हायचंय, कविता लिहायच्यात' हा धोशा लावलाय. तुमचं म्हणणं, बी. एड. करून शाळेत लागावं. संपादकाच्या पगारात घर चालतं का आणि रात्रीची नोकरी मुलीला झेपेल का, हे तुमचे दोन प्रश्न.

आधी मुकुंदरावांबद्दल, कारण तिच्या डोक्यात तेच आहेत. निवड चांगली आहे पोरीची. नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 1910 पासून 1967 साली निधन होईपर्यंत माणसानं 'दीनमित्र' हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचं साप्ताहिक चालवलं. 'कुलकर्णी लीलामृत' हे त्यांचं काव्य 1913 चं. पोथीच्या थाटात ओव्या आणि आत गावच्या कुलकर्ण्याच्या, म्हणजे वंशपरंपरेनं गावचा हिशेब ठेवणाऱ्याच्या, दप्तरातल्या लबाड्या. आपल्या शाहू महाराजांनी संस्थानातलं कुलकर्णी वतन रद्द केलं 1918 मध्ये, म्हणजे त्यानंतर पाचेक वर्षांनी. पण तिला एक विचारा, ही नोकरी होती का? पत्र त्यांनी स्वतः चालवलं, पत्रानं त्यांना पोसलं नाही. आचार्य अत्र्यांचंही बघा. 'झेंडूची फुले' हा विडंबन कवितांचा संग्रह 1925 चा, दैनिक 'मराठा' 1956 चं. मधल्या तीसेक वर्षांत शाळा, नाटकं, सिनेमा आणि 1940 पासून साप्ताहिक 'नवयुग' असं सगळं झालं. संपादकपद हे तिथं बऱ्याच खटपटींनंतर येतं. बी. ए. झाल्यावर अर्ज करून मिळणारी ती जागा नव्हे.

घरी जो पेपर येतो त्याच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ तिला वाचायला सांगा. मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी कुणाची ते तिथं लिहिलेलं असतं. बदनामीचा दावा लागला की कोर्टाच्या तारखेला त्या ओळीतल्या माणसाला उभं राहावं लागतं. तेव्हा संपादकाचा पगार आत्ता विचारूच नका. विचारायचा तो उपसंपादकाचा, कारण शिरायचं दार तेच. जिल्हा पातळीवर तो सुरुवातीला शिक्षकापेक्षा कमीच असतो, हे स्पष्ट सांगतो. तालुका वार्ताहराला तर बहुतेक ठिकाणी नुसतं मानधन, वर जाहिराती आणायचा तगादा.

आता डेस्कचं काम, म्हणजे उपसंपादकानं ऑफिसात बसून आलेल्या बातम्या नीट करायचं. संध्याकाळी एखाद्या वार्ताहराची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, येते. 'येथील ग्रामपंचायतीच्या वतीने आयोजित हळदी-कुंकू समारंभ मोठ्या उत्साहात संपन्न झाला, महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला...' पुढं बारा मान्यवरांची नावं. आणि पार तळाशी सरपंचबाई बोलून गेलेल्या असतात, की गावाला पंधरा दिवस नळाचं पाणी नाही. बातमी ती आहे! ती वर ओढायची, मान्यवर उडवायचे (उद्या फोन येणार हे धरून चालायचं), दोन कॉलमांत बसेल असा चार शब्दांचा मथळा द्यायचा. चंदगड, आजऱ्याची डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या तालुक्यांना जाणारा अंक, लवकर सोडावी लागते, गाडी थांबत नाही. शहर आवृत्तीसाठी थोडा जास्त वेळ मिळतो.

इथं कवितेचा उपयोग होतो. ज्याला मात्रा मोजता येतात त्याला मथळा कुठं तोडायचा ते कळतं. आणि इथंच कविता नडतेही. अपघाताच्या बातमीला 'काळाचा घाला' लिहिणारे सगळे कविमनाचेच असतात. किती वाजता, कुठल्या फाट्यावर, किती जखमी, हे लिहायला मन कोरडं ठेवावं लागतं. घरी येऊन पुन्हा ओलं करता येत असेल तर दोन्ही चालतं.

मग करायचं काय? बी. ए. पूर्ण होऊ दे. पुढं शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. प्रवेशाच्या आधी तिला घेऊन एकदा स्वतः जा आणि मागच्या वर्षीची मुलं कुठं कामाला लागली एवढंच विचारा. ही पदवी वाया जात नाही, सरकारी माहिती खात्यातल्या माहिती अधिकाऱ्याच्या जागांना ती चालते आणि त्या एमपीएससीतून भरतात. तुमच्या जिवाला थोडा आधार. बी. एड. नंतरही करता येतं, पण हल्लीची शिक्षक भरती तुम्ही पाहताच आहात. तिकडंही पगार काही दारात उभा नाही.

रात्रीचं म्हणाल तर शिफ्ट बारा-एकपर्यंत जाऊ शकते. कोल्हापुरात राहायची सोय ऑफिसजवळ हवी आणि परतताना सोडायला कोण, हे नोकरी घेतानाच संपादकांना विचारायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मुली विचारतात.

येत्या सुट्टीत तिला एक काम द्या. तुम्ही दूध संस्थेचे सचिव, वार्षिक सभेचा अहवाल तुमच्याकडे असणारच. त्याची दीडशे शब्दांत बातमी करायला सांगा, मथळ्यासकट, तुमचं नाव कुठंही न घालता. मला पाठवा. सोबत एक कविता पाठवली तरी चालेल, पण आधी बातमी वाचेन.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर