एक्सेलच्या रकान्यात किती नोंदी आहेत हे सूत्राने कसं मोजायचं? काउंट लावलं की शून्यच येतंय

तुमच्या गावच्या साहित्य संमेलनाची नोंदणी शीटमध्ये आहे. बी रकान्यात नाव, सीमध्ये गाव, डीमध्ये फोन, ईमध्ये वर्गणी. नावांना काउंट लावलं की शून्य येतं, आणि गावनिहाय आकडा हाताने मोजलेल्याशी जुळत नाही. बेळगाव तालुक्यातल्या अशा नोंदणीची शीट दर हिवाळ्यात माझ्याकडे असते, त्यामुळे ही दोन्ही दुखणी ओळखीची आहेत.

शून्याचं कारण साधं आहे. काउंट फक्त संख्या मोजतं. तारीख आतून संख्याच असते म्हणून तीही धरतं, पण नाव म्हणजे मजकूर, तो त्याच्या हिशोबात नाही. म्हणजे सूत्र बिघडलेलं नाही, त्याला नावं विचारलेलीच नाहीत. नावांसाठी काउंटए वापरा:

=काउंटए(बी२:बी४००)

मी इथे सूत्रं देवनागरीत लिहितोय. शीटमध्ये टाइप करताना सूत्राचं नाव, रकान्याचं अक्षर आणि आकडे इंग्रजीतच टाका. अवतरणचिन्हंही कीबोर्डवरून सरळ द्या. व्हॉट्सअॅपवरून सूत्र चिकटवलं की पुष्कळदा वळणाची अवतरणचिन्हं येतात आणि एक्सेल चूक दाखवतं.

काउंटए रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजतं. कुणी नुसता स्पेसबार दाबून पुढे गेला असेल तर तोही सेल धरला जातो, आणि रिकामी अवतरणं परत देणारं सूत्र असेल तर तेही. आकडा थोडा फुगलेला वाटला तर आधी तिथे बघा. सूत्रांमुळे फुगत असेल तर =काउंटइफ(बी२:बी४००,"?*") हे बरं, ते किमान एक अक्षर असलेला मजकूरच धरतं. पूर्ण रकाना दिलात, म्हणजे बी:बी, तर वरच्या शीर्षकाचा एक वजा करा.

फोनच्या रकान्याला काउंटही पुरत नाही. मोबाइल नंबर संख्या म्हणून बसतो, पण बेळगावचा ०८३१ हा कोड लावून लिहिलेला घरचा नंबर तसाच ठेवायचा तर सेल मजकूर करावा लागतो, नाहीतर पुढचं शून्य उडतं. मजकूर केला की काउंट त्याला सोडतं. तिथेही काउंटएच.

आता गावनिहाय आकडा. सूत्र एवढंच आहे:

=काउंटइफ(सी२:सी४००,"उचगाव")

हे सूत्र पूर्ण सेल जुळला तरच मोजतं, आणि आपल्या भागात तीच खरी अडचण आहे. शहराचंच बघा. घरी आपण बेळगाव म्हणतो, जुनी माणसं अनुस्वार देऊन बेळगांव लिहितात, १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आहे, आणि फोनवरून नोंद करणारा इंग्रजी स्पेलिंग टाकून मोकळा होतो. माणसाला हे एकच गाव, शीटला चार. "बेळगाव*" असं तारांकन लावलंत, म्हणजे पुढे काहीही असलं तरी चालेल असं सांगितलंत, तर बेळगाव आणि बेळगावी सापडतील, बेळगांव नाही, कारण गा आणि व यांच्या मध्ये अनुस्वार आहे. "बेळगा*" लावा, तिन्ही येतील. पण आणखी एक अक्षर मागे जाऊन "बेळग*" करू नका, बेळगुंदीची माणसं शहरात मोजली जातील. तसंच "कंग्राळी*" लावलं की बुद्रुक आणि खुर्द दोन्ही एकत्र येतात. बस सोडायची असेल तर ते चालेल, पण गावनिहाय यादी वाचून दाखवायची असेल तर चालणार नाही. कुणी बुद्रुक लिहितो, कुणी बी. के., तेही बघा.

स्पेलिंग एकच दिसतं आणि तरी मोजलं जात नाही, असं झालं तर लेन लावून बघा. =लेन(सी२) सेलमध्ये किती चिन्हं आहेत ते सांगतं. खानापूर आपल्याला चार अक्षरांचं वाटतं, पण उत्तर ७ येईल, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. येळ्ळूरचंही ७, उचगावचं ५, कडोलीचं ५. खानापूरला ८ आले की समजा मागे किंवा पुढे एक जागा सुटलेली आहे. ट्रिम ती काढतं. मजकूर एखाद्या वेबपानावरून चिकटवला असेल तर जी न तुटणारी जागा येते तिला मात्र ट्रिम हात लावत नाही, तिच्यासाठी असं (कॅरचं स्पेलिंग सी-एच-ए-आर):

=ट्रिम(सबस्टिट्यूट(सी२,कॅर(१६०)," "))

येळ्ळूरसारख्या जोडाक्षराच्या शब्दात काही कीबोर्ड न दिसणारी जोडखूण घालतात. तिचा क्रमांक ८२०५. ती =सबस्टिट्यूट(सी२,युनिकॅर(८२०५),"") ने काढून टाका. हे सगळं बाजूच्या रकान्यात करा, मूळ नोंदीला धक्का लावू नका.

यादी छापखान्यातून आली असेल तर जास्त सांभाळा. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली नावं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. तिथे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये टाइप केलेलं "खानापूर" शोधलंत तर शून्यच येणार. आणि त्याहून वाईट म्हणजे काउंटइफ इंग्रजीतलं लहान-मोठं अक्षर एकच समजतं. कृतिदेव या तशाच जुन्या फाँटमध्ये लहान डी म्हणजे पूर्ण क आणि मोठा डी म्हणजे अर्धा क, म्हणजे दोन वेगळे शब्द एकाच हिशोबात जाऊ शकतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग मोजा. ते जमत नसेल तर लहान-मोठं पाळणारं सूत्र आहे, =समप्रॉडक्ट(--इग्झॅक्ट(सी२:सी४००,जे२)), जिथे जे२ मध्ये त्याच फाँटमधला शब्द असेल.

पण माझं स्पष्ट मत असं की तारांकनांनी प्रत्येक गावामागे धावू नका. आपल्याकडे याद्या मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत येतात, आणि कुणाची नोंद परत पाठवायची नसते, आलेला प्रत्येक जण आपलाच असतो. जे रकान्यात शीटमध्ये सापडलेली सगळी रूपं एकाखाली एक लिहा, कन्नडमधलीसुद्धा. समोर केमध्ये तुम्ही ठरवलेलं एकच नाव. मग एच रकान्यात:

=व्हीलुकअप(सी२,जे:के,२,फॉल्स)

हे खालपर्यंत ओढा आणि मोजणी एच रकान्यावर करा. तक्त्यात नसलेलं रूप आलं की तिथे नावाऐवजी एक्सेलची चूक दाखवणारी खूण दिसेल, ते रूप जे-केमध्ये जोडा, झालं. एकही माणूस गुपचूप गळत नाही, म्हणून मला हा मार्ग पसंत आहे. एकूण किती गावांतून लोक आले हे हवं असेल तर गूगल शीटमध्ये =काउंटयुनिक(एच२:एच४००). नव्या एक्सेलमध्ये =काउंटए(युनिक(एच२:एच४००)), फक्त मध्ये रिकामे सेल नसावेत, नाहीतर एक जास्त येतो.

दोनदा नोंद झालेली शोधताना फोन एकटा धरू नका. एकाच नंबरवर आई, मुलगी आणि सून नोंदवलेल्या असतात. नाव आणि फोन दोन्ही जुळतात का ते बघा:

=काउंटइफ्स(बी$२:बी$४००,बी२,डी$२:डी$४००,डी२)

उत्तर १ च्या वर आलं तर ती ओळ तपासा. फिल्टर लावून दिसणाऱ्या ओळीच मोजायच्या असतील तर =सबटोटल(१०३,बी२:बी४००).

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण संमेलनात तोच सगळ्यात जास्त लागतो. आचाऱ्याला द्यायचा आकडा नोंदींचा नसतो. एका नोंदीत एक जण असेल किंवा घरातले पाच. एफ रकान्यात जेवणाला हो किंवा नाही, आणि जीमध्ये किती जण, असे दोन रकाने आजच वाढवा. =काउंटइफ(एफ२:एफ४००,"हो") किती नोंदींना जेवण हवं ते सांगेल, पण ताटं =समइफ(एफ२:एफ४००,"हो",जी२:जी४००) ने काढायची. जी रकान्यात नुसता आकडा टाकायला लावा, "५ जण" असं लिहिलं की तो मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. एफला डेटा व्हॅलिडेशनमधून हो आणि नाही एवढीच निवड द्या, गावाच्या रकान्यालाही के रकान्यातल्या नावांची तीच सोय करता येते. ग्रंथदिंडीच्या सकाळी टेबलावर बसलेल्या मुलांना टाइप करावं लागणार नाही, निवडलं की झालं.