दहावी की डेली सोप?

दहावीच्या वर्षात डेली सोपमध्ये मुख्य रोल मिळालाय, आता शाळा सोडू का, असं विचारलंयस. आधी अभिनंदन! पण शाळेतून लगेच दाखला काढू नकोस. शिफ्ट बारा-बारा तास चालते. मेकअपरूममध्ये भूमितीचं पुस्तक उघडलं की हमखास 'शॉट रेडी' अशी हाक येते. टीआरपी घसरला की मालिका गुंडाळायला वेळ लागत नाही. पैसेही बहुतेक ठिकाणी ९० दिवसांनी हातात पडतात, हे आईबाबांना आधीच सांग.

हजेरी भरणारच नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो भरून बोर्डाची दहावी बाहेरून देता येते, फक्त फॉर्मची मुदत चुकवू नकोस. परीक्षेच्या सुट्ट्या करारात लिहून घ्या, सही आईबाबांचीच लागेल. प्रॉडक्शनवाले तोंडी 'अ‍ॅडजस्ट करू' म्हणतात (सगळ्यांनाच म्हणतात). छोटा रोल असता तर मी नाहीच म्हटलं असतं. मुख्य आहे, तर कर.