टाकीत ऊस आणि घाटात पद्मिनी

माझी १९८४ ची प्रीमियर पद्मिनी सपाटीला झकास चालते. पसरणी घाटात अर्ध्यावर गेली की झटके देते आणि बंद पडते. वीस मिनिटं उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. एक मिस्त्री इंजिनचा पेट्रोल पंप बदला म्हणतो, दुसरा कॉइल, तिसरा म्हणतो गाडीच बदला. – एक वाचक, वाई

तिसऱ्याला चहा पाजून निरोप द्या. उरलेल्या दोघांपैकी कोण बरोबर, ते गाडी बंद पडल्याबरोबर पाच मिनिटांत कळतं. थंड झाल्यावर कळत नाही. म्हणून गाडी गराजमध्ये नेऊन उपयोग नाही, तपासणी घाटातच करायची.

आधी बिनखर्चाची गोष्ट. टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं बारीक भोक बुजलंय. चढावर पेट्रोल जास्त ओढलं जातं, टाकीत पोकळी तयार होते आणि पंप हात टेकतो. भोक तारेनं मोकळं करा, संपला खर्च.

तसं नसेल तर ठिणगी बघा. पेट्रोलच्या पाइपला अजून हात लावायचा नाही. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, कडकडीत ठिणगी आली तर इग्निशन ठीक. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर दोष ठिणगीची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा किंवा तिच्या जोडीच्या कंडेन्सरचा. दोन्ही गरम झाले की दगा देतात आणि थंड झाले की साळसूद होतात. आधी कंडेन्सर बदला, तो स्वस्त आहे. त्याच वेळी पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ करून त्यांच्यामधली गॅप ०.४५ मि.मी.च्या आसपास ठेवा.

ठिणगी चांगली असेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, कार्बोरेटरकडचा पाइप सोडून लांब धरलेल्या बाटलीत घाला आणि सेल्फ मारा. पेट्रोलऐवजी बुडबुडे आणि पिचकाऱ्या आल्या तर तो व्हेपर लॉक. पेट्रोल पाइपातच उकळतंय. पंप इंजिनलाच बसवलेला असल्यामुळे ती उष्णता थेट त्याला लागते, आणि घाटाच्या माथ्यावरची पाचगणी सुमारे १३०० मीटरवर आहे. हवेचा दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपावर ओलं फडकं टाकून वर पोचता येतं, पण तो इलाज नव्हे. पाइप एक्झॉस्टपासून दूर घ्या, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा लावा. पंप आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामधला, उष्णता अडवणारा जाड बेकेलाइटचा तुकडा जागेवर आहे का, तेही बघा. कुणीतरी तो ‘उगीचच आहे’ म्हणून काढलेला असतो. मात्र बरं वाटतं म्हणून दोन तुकडे लावू नका. पंपाच्या दांड्याची चाल कमी होते आणि पेट्रोल कमी चढतं.

आमचाच ऊस कारखान्यात जातो आणि इथेनॉल होऊन आमच्याच ॲम्बेसेडरच्या टाकीत येतो. २० टक्के मिश्रणानं जुन्या इंजिनाचं नक्की काय बिघडतं? – एक शेतकरी, कराड

बिलाची वाट बघायला लावणारा ऊस आता गाडीलाही वाट बघायला लावणार का, असं तुमच्या मनात असावं. इंजिनाला धोका कमी, रबराला जास्त.

जुनं साधं रबर इथेनॉलमध्ये आधी फुगतं, मऊ पडतं आणि कोरडं झालं की तडकतं. पेट्रोलचे होज, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरची गॅस्केटं आणि सील, हे सगळं एकदमच बदला. होज घेताना ‘व्हायटॉन’, म्हणजे इथेनॉलला टिकणारं रबर, मागा. ‘पेट्रोलला चालतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी तर नकोच. ती इंजिनच्या उष्णतेनं कडक होते, क्लिपपाशी गळते, आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.

दुसरी गोष्ट टाकीची. इथेनॉल जुना चिकटा आणि गंज सोडवतं. चाळीस वर्षांचा गाळ पहिल्या काही टाक्यांत फिल्टरमध्ये येऊन बसतो आणि दोष पंपाला लागतो. टाकी उतरवून धुऊन घ्या, नाहीतर सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला.

तिसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. जुना कार्बोरेटर सेन्सरवाला नाही, तो आपला पूर्वीच्याच मापानं पेट्रोल देतो आणि गाडी ‘लीन’, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी चालते: पिकअपला अडखळते, हिट होते, प्लग पांढराफटक पडतो. ज्या कार्बोरेटरच्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकाच्या तुकड्यावर, आकडा कोरलेला असतो, तिथे तो भोकाचा व्यास असतो. १२५ म्हणजे १.२५ मि.मी. तिथे १३० चा जेट टाकला की भोकाचं क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं, आणि हवं असतं तेवढंच. तुमच्या ॲम्बेसेडरला एस.यू. कार्बोरेटर असेल तर त्यात जेट बदलायचा नसतो. खालची नट थोडी फिरवून जेट खाली घ्यायचा. दोन्हीकडे प्लगचा रंग फिक्या विटकरीवर आला की थांबा. हे ट्यूनिंग कराडलाच करा, महाबळेश्वरला नाही. उंचीवर हवा विरळ असते, मिश्रण आपोआप घट्ट होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं; तिथे जमवलेलं माप खाली उतरलात की चुकतं.

मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी होईल, कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच एक तृतीयांश कमी असते. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीनं ११.२ च्या आसपास दिलं तर मिस्त्रीशी भांडू नका.

जाता जाता: पावसाळ्यात महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी एकतर काठोकाठ भरा किंवा रिकामी करा. अर्धी टाकी दमट हवेतलं पाणी ओढते. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याला धरून तळाशी उतरतं आणि पंप नेमका तळातूनच ओढतो.

आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की आमच्या गल्लीत धावपळ सुरू होते. गाडी हलवता आली नाही आणि पाण्यात राहिली, तर ओसरल्यावर आधी काय करायचं? – एक वाचक, सांगली

आधी किल्ली घरात ठेवायची. ‘बघू तरी चालू होते का’ या एका वाक्यानं पुराइतकीच इंजिनं गेली आहेत. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. चारही प्लग काढा आणि पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. पाणी बाहेर उडेल, तोंड लांब ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये १० मिली इंजिन ऑइल ओतून पुन्हा फिरवा. हे दोन-चार दिवसांत झालं पाहिजे, नाहीतर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरतात. पूर्ण ऑइल सोडा. पाणी जड, ते आधी येईल. फिल्टर बदलून स्वस्तातलं ऑइल भरा. टाकीतलं पेट्रोलही बाटलीत घेऊन बघा: दोन थर दिसले तर सगळं काढून टाका. त्यानंतरच गाडी सुरू करा, दहा मिनिटं चालवून ते ऑइलही सोडा आणि मग चांगलं भरा. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं ऑइल लोक हमखास विसरतात. तिथे ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी शिरलेलं असतं.

चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडर बघा, ब्रेक ऑइल पूर्ण बदला. दाराच्या खालची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. कृष्णेचा गाळ तिथे राहिला तर पत्रा आतून कुजतो, आणि वरून रंग मात्र नवरीसारखा असतो.

माझी पद्मिनी १९७४ ची आहे. व्हिंटेज नंबर मिळेल का? लग्नसराईत वरातीला भाड्यानं द्यायचा विचार आहे. – एक वाचक, मिरज

नंबर मिळेल, भाडं मिळणार नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठा बदल नसलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. फी २० हजार, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५ हजार. मध्ये कधी डिझेल इंजिन बसवलं असेल तर विषय संपला. ही गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजचा वापर आणि धंदा दोन्ही बंद. मंडईत, लग्नाला, नृसिंहवाडीला स्वतः गाडीनं जायचं असेल तर साधं पुनर्नोंदणीचं पुस्तकच बरं.

दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल नाकारणार अशी बातमी होती. आपल्याकडेही? – एक वाचक, सातारा

तो आदेश १ जुलै २०२५ पासून दिल्लीपुरता होता आणि काही दिवसांतच थांबवला गेला. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला १५ वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांची मुदतवाढ मिळते, शिवाय हरित कर भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी. तपासणीला जाण्याआधी हँडब्रेक, हॉर्न आणि मागचे लाल दिवे बघा. जुन्या गाड्या बहुतेक याच तिन्हींवर अडतात, आणि तिन्ही कामं घरच्या अंगणात होतात.