रजा आधी की कागद आधी? बाळंतपणाच्या पगारी रजेवरचं अमेरिकेतलं टॅक्स क्रेडिट

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: डॅलसजवळ अर्व्हिंगला तुमचा दातांचा दवाखाना आहे, माणसं नऊ. फ्रंट डेस्कवरची मुलगी जूनमध्ये बाळंत होणार. तिला आठ आठवडे पूर्ण पगारी रजा द्यायचं तुमच्या मनात आहे, आणि कोणीतरी सांगितलं की "दे बिनधास्त, सरकार टॅक्समधून परत करतं." हे खरं का?

पाव खरं आहे. म्हणजे अक्षरशः पाव, कारण जास्तीत जास्त पंचवीस टक्केच मिळतात.

मी न्यू जर्सीत एडिसनला अठरा वर्षं छोट्या धंद्यांची टॅक्सची कामं करते. ओक ट्री रोडवरचे दुकानदार, डेकेअर, दोन-चार दवाखाने, अशी गिऱ्हाईकं. हे क्रेडिट, म्हणजे भरायच्या टॅक्समधून थेट वजा होणारी रक्कम, मागताना लोक कुठे अडकतात ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा लांबण लावते.

अमेरिकेत केंद्र सरकारचा रजेचा कायदा १९९३ चा, एफएमएलए. त्यात बारा आठवडे मिळतात, पण बिनपगारी, आणि तेही पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. तुमच्या दवाखान्याला तो लागूच नाही. टेक्सासची स्वतःची सक्तीची पगारी रजाही नाही. त्यामुळे तुम्ही जे द्याल ते आपखुशीनं. ही आपखुशी वाढावी म्हणून २०१७ च्या टॅक्स कायद्यात सेक्शन ४५एस आलं. गंमत बघा, त्याच २०१७ मध्ये भारतात बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर गेली. तिथे मालकाला सांगितलं, पगार द्यायचाच (ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्यात बसणाऱ्या बायका सोडून). इथे मालकाला म्हटलं, द्याल तर थोडी सूट देऊ. सव्वीस आठवड्यांच्या बोज्यामुळे तिकडे छोटे मालक तरुण मुलींना नोकरीवर घ्यायला कचरतात, ही तक्रारही ऐकू येते. इथे उलट, कोणी दिलं नाही तर कोणी विचारत नाही. असो.

सुरुवातीला हे क्रेडिट दोनच वर्षांसाठी होतं. मग मुदत वाढत वाढत २०२५ अखेरपर्यंत आली आणि जुलै २०२५ च्या मोठ्या टॅक्स कायद्यानं ते कायमचं झालं. २०२६ पासून काही नियमही बदलले. तेव्हा गूगलवर सापडलेला जुना लेख वाचून निर्णय घेऊ नका.

आता हिशोब. रजेत नेहमीच्या पगाराच्या निम्मे दिलेत तर दिलेल्या रकमेच्या साडेबारा टक्के क्रेडिट. निम्म्याच्या वर प्रत्येक एका टक्क्याला पाव टक्का वाढतो, पूर्ण पगाराला पंचवीस टक्के. एका माणसामागे वर्षाला बारा आठवड्यांपर्यंतच.

फ्रंट डेस्कवरच्या त्या मुलीला तासाला २० डॉलर आणि आठवड्याला ४० तास धरू. आठवड्याचे ८००, आठ आठवड्यांचे ६,४०० डॉलर. पूर्ण पगार दिलात तर क्रेडिट १,६००. निम्माच दिलात तर तुमचे जातात ३,२०० आणि क्रेडिट मिळतं फक्त ४००. म्हणजे खर्च दुप्पट केला की क्रेडिट चौपट. ऐंशी टक्के दिलेत तर ५,१२० वर वीस टक्के, म्हणजे १,०२४. हात आखडता घेतला की क्रेडिट फार पटकन आटतं.

पण १,६०० म्हणजे खिशात १,६०० नव्हेत. क्रेडिट जितकं घ्याल तितकी पगाराची वजावट कमी करावी लागते. तुम्ही चोवीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर त्यापायी ३८४ डॉलर टॅक्स वाढतो. निव्वळ फायदा १,२१६. वर मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स (सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा) आहेच, ६,४०० वर साधारण ४९० डॉलर, त्यावर क्रेडिट नाही. शिवाय हे क्रेडिट टॅक्स असेल तरच कामाचं. नवीन खुर्च्या, एक्स-रे मशीन घेऊन यंदा घसारा जोरात लावला असेल आणि टॅक्स शून्यावर आला असेल, तर हातात काहीच येत नाही. एक वर्ष मागे किंवा वीस वर्षं पुढे नेता येतं, इतकंच. फॉर्म ८९९४ वर आकडा काढायचा आणि तो ३८०० मध्ये जातो. दवाखाना एस कॉर्प (नफ्यावरचा टॅक्स मालकाच्या रिटर्नवर लागणारी कंपनी) असेल तर के-१ या फॉर्ममधून तो तुमच्या वैयक्तिक रिटर्नवर येतो.

आता लोक जिथे हमखास आपटतात ती जागा. रजेची पॉलिसी लेखी हवी, आणि रजा सुरू होण्याआधी लागू झालेली हवी. २०१९ मध्ये माझ्या एका गिऱ्हाईकानं स्वयंपाक्याला बायपासनंतर सहा आठवडे पूर्ण पगार दिला. माणूस दिलदार. मार्चमध्ये बुटांच्या खोक्यात चेकचे स्टब घेऊन आला आणि म्हणाला, "क्रेडिट किती?" मी विचारलं, पॉलिसी कुठाय? त्यानं त्याच रात्री इंटरनेटवरून एक हँडबुक उतरवून पाठवलं. पानाच्या वर दुसऱ्याच कंपनीचं नाव तसंच होतं. क्रेडिट शून्य. मागच्या तारखेचा कागद मी करत नाही, तुमचा सीपीए (टॅक्सचं बघणारा अकाउंटंट) तयार झाला तरी तुम्ही करू नका.

पॉलिसीत काय हवं? वर्षाला कमीत कमी दोन आठवडे, कमीत कमी निम्मा पगार, आणि सगळ्या पात्र कर्मचाऱ्यांना. एकट्या त्या मुलीसाठी पॉलिसी चालत नाही. पार्टटाइमवाल्यांना त्यांच्या तासांच्या प्रमाणात. आणि ही रजा एफएमएलएमधल्या कारणांसाठीच असल्याचं स्पष्ट लिहा: मूल जन्मणं किंवा दत्तक घेणं, स्वतःचं गंभीर आजारपण, नवरा-बायको, मूल किंवा आईवडिलांचं गंभीर आजारपण. साठवलेली सुट्टी, म्हणजे पीटीओ, यात मोजत नाहीत. "तिचे वीस दिवस पीटीओ शिल्लक आहेत, तेच बाळंतपणाला धरू" असं केलंत तर त्या दिवसांवर क्रेडिट मिळणार नाही.

तुमच्यासारख्या एफएमएलएबाहेरच्या मालकांना आणखी एक वाक्य घालावंच लागतं, आणि तयार नमुन्यांत नेमकं तेच नसतं: रजा मागणाऱ्याला अडवणार नाही, आणि रजा घेतली किंवा हक्क मागितला म्हणून त्याला काढणार नाही, त्रास देणार नाही. हे लिहिलं नाही तर बाकी सगळं बरोबर असूनही क्रेडिट जातं.

पात्र कोण? पूर्वी एक वर्ष नोकरी लागायची. २०२६ पासून मालकाला हवं तर सहा महिन्यांची अट ठेवता येते. आठवड्याला सहसा वीस तास तरी काम हवं. आणि आदल्या वर्षीचा पगार मर्यादेत हवा: २०२६ च्या रजेसाठी २०२५ मध्ये ९६,००० डॉलरपर्यंत. फ्रंट डेस्क आणि असिस्टंट बसतील. हायजीनिस्टचा डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा टॅक्स फॉर्म) उघडून बघा. असोसिएट डेंटिस्ट बहुधा बसणार नाही.

आपल्या लोकांचा हमखास प्रश्न: आई पुण्यात आहे, तिचं ऑपरेशन, तिकडे जाऊन राहिलं तर? चालतं. गंभीर आजारी आई कुठल्या देशात आहे याची अट नाही, डॉक्टरांचा कागद मात्र ठेवा. पण सासू-सासरे एफएमएलएच्या "आईवडिलां"मध्ये येत नाहीत. आमच्या न्यू जर्सीच्या कायद्यात येतात, केंद्राच्या नाही. तुम्ही पॉलिसीत त्यांच्यासाठी रजा जरूर ठेवा, त्यानं पॉलिसी बाद होत नाही, फक्त त्या आठवड्यांवर क्रेडिट घेऊ नका आणि नोंद वेगळी ठेवा. सुनेनं सासूचं करायचं आणि सरकारनं तिला नातं नाही म्हणायचं, हे मला कायम खटकतं.

२०२६ पासूनचा नवा पर्याय म्हणजे विमा. पगारी रजेचा विमा घेतलात तर रजेच्या पगाराऐवजी हप्त्यावर क्रेडिट घेता येतं, त्या वर्षी कोणी रजा घेतली नाही तरीही. दोन्हीपैकी एकच. नऊ माणसांच्या दवाखान्यात एकदम दोघी रजेवर गेल्या तर पगार आणि बदली माणूस दोन्ही झेपत नाही, तिथे याचा विचार करा. जूनच्या बाळंतपणासाठी मात्र आता विमा शोधत बसू नका. विमा घेण्याआधीच राहिलेल्या गरोदरपणाबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तर मुळीच नको.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियावाल्यांसाठी एवढंच: राज्याच्या पगारी रजेच्या योजनेतून मिळणारी रक्कम आता पॉलिसीची किमान अट पुरी करायला धरता येते, पण क्रेडिट फक्त तुम्ही स्वतःहून वर घातलेल्या पैशांवर.

ताई, पुढच्या पगाराच्या आत पॉलिसी लिहून सही-तारखेसह सगळ्यांना द्या आणि पोच घ्या. पेरोलमध्ये या रजेसाठी वेगळा कोड उघडायला सांगा, नाहीतर जानेवारीत कुठले तास कुठले ते शोधत बसाल. आणि त्या मुलीची रुजू झाल्याची तारीख, २०२५ च्या डब्ल्यू-२ चा आकडा आणि तुमचा दवाखाना एलएलसी आहे की एस कॉर्प, एवढं इथे लिहा. नाव नको. मग तुमचा नेमका हिशोब मांडून देते.